सर्व्हरने आधी विचारायला हवं होतं

ब्राउझर एकदा आणलेल्या फाइली आपल्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये, ठेवतो. त्यातली जुनी फाइल दिसल्याची एक तक्रार आली की लगेच सगळ्या साइटवर ‘नो-स्टोअर’ (काहीच साठवू नको, असा सर्व्हरचा आदेश) लावून मोकळं व्हायचं, ही सवय मला मनापासून खटकते. ‘वापरण्याआधी मला विचार’ एवढंच म्हणायचं असेल तर त्यासाठी ‘नो-कॅश’ आहे. नाव फसवं आहे, मान्य. पण त्यात फाइल साठवायला मनाई नसते.

फाइल कधी बदलणार हे सर्व्हरला ठाऊक. आपल्याकडे काय साठवलेलं आहे हे ब्राउझरला ठाऊक. सर्व्हरने मुदत सांगितलीच नाही तर ब्राउझर अंदाज बांधतो: फाइल बदलून जितका काळ झाला, साधारण त्याचा १० टक्के. म्हणजे १०० दिवसांपूर्वी बदललेली फाइल पुढचे १० दिवस ताजी धरली जाऊ शकते. मग आपण ब्राउझरच्या नावाने खडे फोडतो!

ईटॅगमुळे, म्हणजे सर्व्हरने फाइलच्या आवृत्तीला दिलेल्या खुणेमुळे, निदान विचारपूस होते. ‘माझ्याकडे ही आवृत्ती आहे, चालेल?’ ‘३०४ (बदल नाही), चालेल.’ फाइल पुन्हा येत नाही, पण हेलपाटा होतोच, आणि संथ नेटवर्कवर तोच महाग पडतो. नावातच हॅश (मजकूर बदलला की बदलणारा कोड) असलेल्या फाइलसाठी तर हा प्रश्नही नको. त्यासाठी २०१७ पासून ‘इम्यूटेबल’ (ही फाइल बदलणार नाही) आहे. एक शब्द लिहायचा, तोही कितीतरी जण लिहीत नाहीत.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती एचटीटीपी/२ (ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नियमांची आवृत्ती) च्या सर्व्हर पुशची, म्हणजे ब्राउझरने मागण्याआधीच फाइल पाठवण्याच्या सोयीची. २०१५ साली केवढ्या अपेक्षेने आलं होतं! पण ब्राउझरकडे आधीच असलेल्या फाइलीही सर्व्हर पाठवत राहायचा. ब्राउझर नको म्हणेपर्यंत बाइट्स वाटेला लागलेले असायचे. कॅशमध्ये काय आहे याचा गोषवारा ब्राउझरने आधीच कळवावा, असा ‘कॅश डायजेस्ट’चा प्रस्ताव होता, तो मानक झालाच नाही. (अशा गोषवाऱ्यावरून माणसाचा माग काढता येतो, ही भीती मला रास्त वाटते.) २०२२ मध्ये क्रोमने पुश बंद केलं.

‘१०३ अर्ली हिंट्स’ मला म्हणूनच पटतं. सर्व्हर फक्त सांगतो, ‘ही फाइल लागेल.’ ब्राउझर आधी आपल्या कॅशमध्ये बघतो, नसेल तरच मागवतो. कॅशमध्ये काय आहे याची यादी कुणाला द्यावी लागत नाही.

आणि जुनी आवृत्ती जवळ असेल तर फक्त फरक पाठवायचा, ही कल्पना २००२ च्या आरएफसी ३२२९ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे दस्तऐवज) होती. ब्राउझरकडची जुनी फाइलच कॉम्प्रेशनचा शब्दकोश म्हणून वापरायची सोय क्रोममध्ये आली २०२४ साली. तुमच्या सर्व्हरवर ती चालू करून बघा, आणि आकडे इथे टाका. मला खरंच बघायचे आहेत.