शिक्षकांना ऑनलाइन आधार कसा द्यावा

नव्या मुख्याध्यापकांनो, अभिनंदन. खुर्ची मिळाली, केबिन मिळाली, व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनकी मिळाली. आता पावसाळ्यात कधीतरी रेड अलर्ट येईल, शाळा बंद राहील आणि तुमचे शिक्षक ऑनलाइन शिकवतील. तेव्हा त्यांना आधार द्यायचा असतो. (तो आधार नव्हे. मुलाच्या कार्डावर ‘ओंकार’, दाखल्यावर ‘ओमकार’ म्हणून पोर्टलवर अडकतो तो वेगळा. तोही शिक्षकांनीच निस्तरायचाय, पण ते नंतर.)

आधी वेळ साधा. हवामान खात्याचा इशारा आदल्या संध्याकाळी आला तरी घाई नको. सकाळच्या सत्राची माणसं साडेपाचला घर सोडतात. त्यांना लोकलमध्ये चढू द्या, कुर्ल्यापर्यंत येऊ द्या, मग ६:४० ला टाका: ‘आज शाळा बंद. ७:३० पासून नियमित वेळापत्रकानुसार ऑनलाइन तासिका. कॅमेरा अनिवार्य.’ खाली जोडलेले हात टाका, म्हणजे आदेशाची विनंती होते.

झूमचं फुकटचं खातं बरं. ४० मिनिटांनी आपोआप बंद पडतं, शिक्षकांना पाणी प्यायला मिळतं.

तासाला गुपचूप येऊन बसा, स्वतःचं नाव न लावता. परवा मी कुर्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर होते. पुढे सायनकडे रुळांवर पाणी. छत्री काखेत, पर्स दोन पायांच्या मध्ये, फोन वडापावच्या स्टॉलच्या बरणीला टेकवलेला, आणि मी सहावीला लसावि शिकवतेय. फळा म्हणजे वहीचं मागचं पान. ५८ च्या वर्गात २३ हजर, त्यातलं एक नाव ‘रेडमी नोट’. १२ आणि १८ चे मूळ अवयव पाडून झाले आणि डोक्यावर घोषणा सुरू झाली, प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल. एक पोरगा म्हणाला, ‘बाई, हे पण लिहायचं?’ वही हातात थरथरतेय हे पाहून स्टॉलवाल्या भाऊंनी न बोलता ती धरली. दुसऱ्या हाताने वडे तळणं चालूच.

तास संपला आणि ‘रेडमी नोट’ म्हणजे मोठ्या बाई, हे ग्रुपवर सगळ्यांसमोर कळलं. ‘सहावी ब च्या तासाची पार्श्वभूमी शाळेला शोभत नाही. यापुढे शाळेचा लोगो लावावा.’ १७ जणांचे अंगठे. त्यातल्या दोघी माझ्याच प्लॅटफॉर्मवर भिजत उभ्या होत्या.

लोगो! ३६ मुलं का नव्हती, हे कुणी विचारलं? मी विचारलं. तीन भावंडांत एक फोन, तोही बापाबरोबर कामावर गेलेला. एकीला कॅमेरा लावायचा म्हणजे दहा बाय दहाची खोली आणि मागे आंघोळ करून आलेला भाऊ अख्ख्या वर्गाला दाखवायचा. ती आलीच नाही. २०२० साली केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती. आमच्याकडे सात तासिका.

अहवाल मागा. प्रत्येक तासाचे तीन स्क्रीनशॉट, गूगल फॉर्म, त्याच माहितीची एक्सेल, आणि तिची प्रिंट सही करून.

प्रशिक्षण रविवारी ठेवा.

कौतुकही करा. ५ सप्टेंबरला, एक गुलाब.

छे, नाही जमत मला असं गोड लिहायला. मोठ्या बाई, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मुंबईत पाणी भरतं हे तुम्हाला दर जुलैत नव्याने कळतं का? जूनच्या पहिल्या सभेत ठरवायला काय झालं होतं? रात्री नऊच्या आत कळवा. दोन तासिका घ्या, बाकी स्वाध्याय पाठवा. जी मुलं येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी शाळा उघडल्यावर वेळापत्रकात जागा काढा. डेटाचे पैसे द्या, शाळा माझ्या रिचार्जवर चालत नाही. तासाला यायचं तर नाव लावून या, हजेरी घ्या, ‘लिंक उघडत नाही’ म्हणणाऱ्या पालकांचे फोन तुम्ही उचला. एका वडापाववाल्याला जे न सांगता कळलं, ते वीस वर्षं नोकरी करून तुम्हाला कळू नये?

लोगो मी लावणार नाही. ३६ मुलांचा लसावि राहिलाय, सोमवारी पहिल्यापासून घेणार आहे. त्या तासाला निरीक्षणाला येऊ नका.