फाइली लिहून कुणी इंजिनिअर होत नसतं

अभ्यासाला माझी ना नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एम-वन, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित, अवघड आहे, मेकॅनिक्स डोक्यावरून जातं, चालेल, बसू आणि करू. त्यासाठीच तर सीईटी दिली आणि घर सोडून नागपूरला आलो. पण इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरच्या माझ्या रात्री अभ्यासात जातच नाहीत. जातात त्या सबमिशनच्या, म्हणजे जमा करायच्या प्रयोगांच्या फाइली छापण्यात, म्हणजे नकलून काढण्यात. सीनिअरची फाइल समोर ठेवायची आणि एम म्हणजे प्रयोगाचा उद्देश, अ‍ॅपरेटस, थिअरी, प्रोसीजर, रिझल्ट, कन्क्लूजन सगळं शब्दाला शब्द उतरवून काढायचं. उजव्या पानावर पेनाने मजकूर, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती. समास चुकला? परत लिहा. इंडेक्सवर तारीख नाही? उद्या या. आणि एवढं करून आत काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. सहीपुरतं पान उघडतं, सही होते, फाइल गठ्ठ्यात जाते.

मला सगळ्यात जास्त संताप फिजिक्सच्या लॅबचा येतो. न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग. काचेवर बहिर्गोल भिंग, वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड, आणि मायक्रोस्कोपमध्ये एकात एक काळी-पिवळी वर्तुळं. खरं सांगतो, पहिल्यांदा ती वर्तुळं दिसली तेव्हा अंगावर काटा आला होता. नुसत्या प्रकाशाने काढलेली वर्तुळं! व्यास मोजले, आकडेमोड केली, तर तरंगलांबी पार भलतीच आली. मी सरांना विचारायला गेलो की असं का आलं. उत्तर मिळालं, ‘५८९३ अँगस्ट्रॉमच्या जवळ आणा आणि सही घ्या.’ हा सोडियमच्या उजेडाच्या तरंगलांबीचा पुस्तकातला आकडा. आणा म्हणजे कुठून आणा? सीनिअरच्या फाइलमधून! सीनिअर तर म्हणालाच, ‘काऊन टेन्शन घेऊन राहिला बे, माही रीडिंग टाक ना.’ नंतर माझं मीच शोधलं. मायक्रोस्कोपचा स्क्रू मध्येच उलट फिरवला की पेचातल्या ढिलाईमुळे रीडिंग सरकतं, त्याला बॅकलॅश एरर म्हणतात. म्हणून स्क्रू एकाच दिशेने फिरवत न्यायचा असतो. दोन मिनिटांत सांगण्यासारखी गोष्ट आहे ही. तेवढी सांगितली असती तर मी मोजमापाबद्दल काहीतरी शिकलो असतो. त्याऐवजी खोटे आकडे सुबक अक्षरात कसे मांडायचे ते शिकलो. उद्या हीच पोरं पुलाच्या काँक्रीटची टेस्ट घेणार आहेत. तिथेही ‘जवळ आणा’ म्हणायचं का?

ड्रॉइंगचं तर बोलायलाच नको. रेषा मारायचा ड्राफ्टर, शीट ठेवायचा कंटेनर, शीट, एच आणि टू-एच पेन्सिली, सगळं बर्डीच्या बाजारात जाऊन आईने पाठवलेल्या पैशातून आणलं. आणि आता होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर चालतं काय, तर जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खिडकीची किंवा टेबलाची काच, खाली मोबाइलचा टॉर्च, काचेवर दुसऱ्याची शीट, त्यावर आपली कोरी, आणि मारा रेषा. ज्याने जीटी मारली त्याची शीट वेळेत जमा. जो स्वतः डोकं लावून काढत बसला त्याची खाडाखोड झालेली, म्हणून रिजेक्ट. अरे, ज्या पद्धतीने आपण वस्तूचा समोरून आणि वरून दिसणारा आकार काढतो, तिची मांडणी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गॅस्पार मोंज नावाच्या माणसाने केली. किल्ल्याच्या तटबंदीचं किचकट गणित कागदावर सोडवता यावं म्हणून. फ्रेंच लष्कराने ती कितीतरी वर्षं गुपित म्हणून सांभाळली, एवढी मोलाची. आणि आम्ही ती मोबाइलच्या टॉर्चवर गिरवतोय. लाकडाचा एक ठोकळा हातात देऊन ‘हा फर्स्ट अँगलमध्ये, म्हणजे ड्रॉइंगमध्ये दृश्यं मांडायच्या त्या पद्धतीत, कसा दिसेल?’ एवढं तरी विचारा की वर्गात!

सी प्रोग्रामिंगची फाइलसुद्धा हातानेच लिहायची, आउटपुटही पेनाने. आमच्या बॅचमध्ये अशी पोरं आहेत ज्यांचा एकही प्रोग्रॅम कधी कॉम्प्युटरवर चाललेला नाही, पण फाइल पूर्ण आहे.

माझा रूममेट गडचिरोलीतल्या एटापल्लीकडचा. घरात कॉलेजची पायरी चढलेला हा पहिलाच. कॅप म्हणजे प्रवेशप्रक्रियेच्या शेवटच्या राउंडमध्ये सीट मिळाली, तो आला तोवर वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. बुडालेलं कुणी शिकवलं नाही, बुडालेल्या फाइली मात्र सगळ्या मागितल्या. पोरगा रात्र रात्र बसून लिहितो. अक्षर इतकं सुंदर की मॅडमने त्याची फाइल वर्गाला दाखवली. त्याला त्यातलं काही कळत नाही, हे मला माहीत आहे, कारण पहाटे तो मला विचारतो. मॅडमला कळणार कसं? फाइल तर भरलेली आहे. सेशनलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत, शून्याजवळचे मार्क पडले तेव्हा त्यालाच ऐकवलं, ‘फाइल चांगली लिहितोस, मग अभ्यास का नाही करत?’ त्या दिवशी तो जेवला नाही. माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

कामठीहून येणारी पोरं मेट्रोत मांडीवर फाइल घेऊन लिहीत येतात. लोकमान्यनगरला उतरून शेअर ऑटोत बसली की तिथेही तेच. प्रवासात थोडी झोप घ्यावी, तर तीही नाही.

शिक्षकांवर सगळं ढकलायचं नाही मला. मॅडमकडे एकामागून एक बॅच असतात, वर कॉलेजच्या मान्यतेसाठी समिती आली की तिला दाखवायला कपाटं भरून पुरावे लागतात. आमची फाइल म्हणजे तो पुरावा. पहिल्या पानावर छापलेलं असतं की विद्यार्थी विश्लेषण करू शकेल. कधी करणार विश्लेषण? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मारबत निघते, गावाला छळणाऱ्या गोष्टींचे बडगे म्हणजे पुतळे निघतात. पुढच्या वर्षी कुणी या सबमिशनचा बडग्या काढला तर महालापासून मी त्याच्यामागे ओरडत चालेन, घेऊन जा गे मारबत!

माझं मागणं फार नाही. प्रयोग निम्मे करा. थिअरी पुस्तकात आहे, ती लिहायला लावू नका. प्रत्येकाला पाच मिनिटं समोर बसवून दोन प्रश्न विचारा, छापलेलं आणि समजलेलं तिथेच वेगळं होईल. आणि चुकलेलं रीडिंग चुकलेलंच राहू द्या. त्याच्याखाली ते का चुकलं हे आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, नाहीतर मराठीत, आम्हाला लिहू द्या. मग त्यावर लाल पेनाने हवी तेवढी खाडाखोड करा.