एक स्टार देणाऱ्या इंदूरच्या साहेबांना

नमस्कार साहेब,

"चार हजार घेऊन डोळ्यांत धूळ फेकली" हा तुमचा रिव्ह्यू वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साहेबांनी इंदूरला बसून पुण्यातली १९६८ ची फियाट डिलाईट घेतली. घेण्याआधी चार हजार देऊन ती आमच्याकडून तपासून घेतली. गाडी तिकडे उतरल्यावर तिथल्या पत्रेवाल्यानं कार्पेट उपटलं, तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा हातात आला. इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही, म्हणून कागद अडकले. आणि आम्ही दुपारी फोन उचलत नाही.

शेवटचं आधी घेतो. नाही उचलत. दुपारी गाडीखाली असतो, हात ग्रीसनं माखलेले असतात. त्या दिवशी संध्याकाळी मीच फोन केला होता, तेव्हा तुम्ही जेवत होता.

आता पत्रा. कोथरूडच्या त्या सोसायटीत मी सकाळी आठला पोचलो. गाडी चालू करू नका, थंड इंजिन बघायचंय, असं विक्रेत्याच्या एजंटला आदल्या रात्री बजावलं होतं. बॉनेटवर हात ठेवला तर कोमट! जुनं इंजिन गरम करून ठेवलं की त्याची निम्मी पापं झाकली जातात. सुरू व्हायला घेतलेला वेळ, पहिल्या मिनिटातला निळा धूर, टॅपेटचा आवाज, काहीच कळत नाही. मी परत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी सहालाच गेलो. त्या फेरीचे पैसे लावले नाहीत. तुम्हाला पाठवलेला व्हिडिओ त्याच सकाळचा. चोक ओढून तिसऱ्या सेल्फला चालू झाली, चांदणी चौकाचा चढ चढली, पाणी उकळलं नाही. इंजिनाच्या चालीबद्दल तुमचीही तक्रार नाही.

पण या गाड्यांत पैसा खातो तो पत्रा. फियाटला जीपसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडी हीच चेसिस. त्यामुळे सिल, म्हणजे दारांखालचा लांबट पत्रा, आणि फ्लोअर सडले तर नुसतं रूप जात नाही, गाडीचा कणा जातो. आम्ही मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवर फिरवतो. पत्र्याला ते चिकटतं, लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असेल तिथे सुटतं. दोन दारांच्या तळाशी आणि मागच्या एका मडगार्डवर ते सुटलं. ते रिपोर्टात फोटोंसकट आहे. उजव्या सिलवर मात्र घट्ट बसलं, कारण तिथे कुणीतरी सडक्या पत्र्यावरच नवी पट्टी वेल्ड करून वरून काळा अंडरकोट, म्हणजे गाडीच्या पोटाला देतात तो जाड लेप, फासला होता. चुंबकाला लोखंड कळतं, त्याच्या मागे काय आहे ते कळत नाही.

म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकूनही पाहिलं. चांगला पत्रा खणकन वाजतो, सडका बद्द. तिथे बद्द वाजलं होतं, साहेब. अंडरकोट जाड असला की चांगला पत्राही तसाच वाजतो, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढे सरकलो. टोक खुपसून बघता आलं असतं, पण गाडी तेव्हा दुसऱ्याची होती. कार्पेट सोल्युशननं चिकटवलेलं होतं आणि गाडी रॅम्पवर न्यायला एजंट तयार नव्हता. मग सतरंजी टाकून आडवा झालो आणि टॉर्चनं जेवढं दिसलं तेवढं पाहिलं.

हे रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय: "फ्लोअर वरून पाहता आला नाही, खालून अंशतः पाहिला, विक्रेत्याची परवानगी नाही." पण पहिल्या पानावर, जिथे माणसाची नजर आधी जाते, तिथे मी "घेण्यासारखी" म्हणून हिरवी खूण केली. चूक ती आहे आणि ती माझी आहे, आमच्या हाताखालच्या पोराची नाही. ताजा अंडरकोट, चिकटवलेलं कार्पेट, रॅम्पला नकार, हे तीन एकत्र दिसल्यावर खूण लाल हवी होती. त्यात विम्याच्या एका जुन्या कागदावर अलिबागचा पत्ता होता. मी तो टिपून घेतला, आणि तरी "गाडी पुण्याचीच हो" या एजंटच्या बोलण्यावर विसंबलो. समुद्राचं खारं वारं खाल्लेल्या गाडीकडे वेगळ्या नजरेनं बघायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तुम्हाला येता येत नव्हतं, म्हणून तर आम्हाला पाठवलंत.

आता रिव्ह्यूत नाही ते. गाडीचे ३ लाख ४० हजार सांगितले होते. मडगार्डच्या लांबीचे फोटो दाखवून तुम्ही ती २ लाख ८५ हजारांना घेतलीत. ते फोटो आमच्याच रिपोर्टातले. फोनवर तुम्ही "पैसे वसूल" असं म्हणाला होता.

इंजिन नंबरचं तर मी टोकन देण्याआधी सांगितलं होतं. मेसेज अजून आहे. ब्लॉकवरचा नंबर पुसून, पेन्सिलनं ठसा घेऊन, आरसीशेजारी धरून फोटो पाठवला होता. डिलाईटमध्ये पुढे कधीतरी पद्मिनीचं इंजिन बसवलेलं असणं यात नवल काहीच नाही. दोन्ही १०८९ सीसी, जसंच्या तसं बसतं, चालतंही छान. फक्त इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते, ती आधीच्या कुठल्याच मालकानं केलेली नाही. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर पुणे आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. नोंद विक्रेत्याकडून त्याआधी करून घ्या, मग उरलेले पैसे द्या, असं मी म्हटलं होतं. एजंट म्हणाला "होऊन जाईल", आणि तुम्ही त्याचं ऐकलंत. इथे मी माझ्याकडे काही घेणार नाही.

"आता व्हीए नंबरही मिळणार नाही", म्हणजे व्हिंटेज गाड्यांची खास पाटी मिळणार नाही, असंही तुम्ही लिहिलंय. तो प्रश्न तुम्ही मला विचारला असतात तर बरं झालं असतं. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज धरतात, पण ती मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. नव्या नोंदणीची फी २० हजार. आणि ती पाटी लागली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. तुम्हाला तर दर रविवारी रात्री ती सराफ्याच्या खाऊगल्लीला न्यायचीय. तुमच्यासाठी साधी नोंदणीच बरी.

तुमच्या पत्रेवाल्यानं ६५ हजार सांगितलेत, त्यात रंगकाम धरलेलं दिसतंय. फ्लोअर आणि सिल यांचा खर्च वेगळा काढून मागा. आणि कापायच्या आधी दारांच्या चौकटीला आतून आडव्या पट्ट्या टाकून घ्यायला सांगा, नाहीतर सिल काढल्यावर बॉडी बसते आणि मग दारं लागत नाहीत. काम सुरू असताना व्हिडिओ कॉल करा, मी बघतो. संध्याकाळी सहानंतर.

आमच्याकडे एवढंच बदललंय: विक्रेता रॅम्पला नाही म्हणाला, तर ते पहिल्या पानावर सगळ्यात वर येतं, हिरवी खूण होत नाही आणि आम्ही निम्मेच पैसे घेतो. तुमचे चार हजार मात्र पूर्ण परत करतोय. स्टार तसाच राहू द्या, त्यासाठी देत नाही. बँक खात्याचा नंबर इथे उघड्यावर टाकू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.