नातीच्या शेजारी कोण बसेल? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

नव्या शाळेतल्या मैत्रीवर मी लिहिलेलं तुम्हाला आवडलं नाही, आणि ते तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत, याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नव्या शाळेत मूल बावरलेलं असतं, त्याला आपल्या भाषेतली सोबत मिळत असेल तर मिळू द्यावी. ‘प्रत्येक समाजातली एक तरी मैत्रीण कर’ हा माझा सल्ला म्हणजे माणसं मोजणं झालं. आणि बडोद्यात आधीच मराठी कानावर पडेनाशी झालीय, त्यात मी उरलीसुरली सोबतही तोडायला निघालेय.

मधला मुद्दा पूर्ण मान्य. ते वाक्य मी मागे घेते. मुलीच्या वर्गात केरळची एक मुलगी आहे, वडील कोयलीच्या रिफायनरीत. पहिल्या आठवड्यात जी ती तिला म्हणायची, ‘तुझ्या भाषेत काहीतरी बोलून दाखव ना.’ चार वेळा तिने बोलून दाखवलं, पाचव्या वेळी रडली. मोजून केलेली मैत्री समोरच्याला कळते, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

पण बाकीच्या दोन्ही मुद्द्यांवर मी भांडणार.

आठवीत माझी शाळा बदलली, मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत. वर्गात आणखी एकच मराठी मुलगी होती. पहिल्या दिवशी तिने सरकून जागा दिली आणि दिवाळीपर्यंत मी त्या जागेवरून हलले नाही. डबा तिच्याबरोबर, सायकल तिच्याबरोबर, बोलणंही तिच्याशीच. दिवाळीनंतर तिच्या वडिलांची बदली झाली. दुसरं सत्र मी पाण्याच्या टाकीमागे उभी राहून डबा खाल्ला. बाकीच्या मुली वाईट नव्हत्या हो. त्यांना वाटायचं, हिलाच आपण नकोत. त्यांच्यातल्या एकीने कॉलेजात गेल्यावर मला हे सांगितलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

आता मराठीचं. सहावीत नव्या शाळेत गेल्यावर माझ्या लेकीची एका जैन मुलीशी गट्टी जमली. ती घरी आली असताना माझी जाऊ फोनवर म्हणाली, ‘माझा नवरा ऑफिसात आहे.’ पोरगी चक्रावली. ‘ऑफिसमां छे, तो नवरा केवी रीते?’ गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला! त्या दिवसापासून दोघींनी एका वहीची मागची पानं शब्दांसाठी ठेवलीत. ‘वाट जोवी’च्या शेजारी ‘वाट पाहणे’ लिहून लेक मला विचारत होती, की मग ‘वाट लागणे’ कुठून आलं? घरात बारा वर्षं मराठी बोलून तिला हा प्रश्न पडला नव्हता. चैत्रात तीच मैत्रीण हळदीकुंकवाला आली. आंब्याची डाळ का, पन्हं का, गौर झोपाळ्यात का, असं तिने विचारल्यावर लेक माझ्याकडे बघायला लागली. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी दोघींना बसवून सांगितलं.

मराठी घरात आटते, काका. मैत्रिणीमुळे आटत नाही.

तुम्ही बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा दाखला दिलात, तो मला माझ्याच बाजूचा वाटतो. १८७५ मध्ये कवळाणे गावाहून बडोद्याला दत्तक आलेला १२ वर्षांचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, हाही नवखाच मुलगा होता. त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, चारही भाषा शिकवल्या गेल्या. पुढे १८८६ मध्ये याच राजाच्या कारकिर्दीत गवई मौलाबक्षांनी इथे गायनशाळा काढली. मराठी राजा, गुजराती प्रजा, मुसलमान गुरू. आपण याच गावचे ना?

तुमची नात जूनमध्ये नव्या शाळेत जाईल. पहिल्या दिवशी तिला मराठी मुलीशेजारी खुशाल बसू द्या, भीती तशीच जाते. पण आठवडाभर संध्याकाळी नुसतं विचारत राहा, डबा कुणाकुणाबरोबर खाल्लास? रोज एकच नाव आलं, तर म्हणा, उद्या तुम्ही दोघी मिळून तिसरीला बोलवा. डबा जरा जास्त द्या. आणि त्यांच्यात कुणी जैन असेल, तर पोह्यांत कांदा-बटाटा नको. आमचा पहिला डबा तसाच परत आला होता.