‘सही करा आणि गप्प बसा’ म्हणणाऱ्यांना

ले-ऑफचा मोसम आला की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: इथे नोकरी ‘ॲट-विल’, पन्नाशीत काढलं तर दाद मागता येत नाही, व्हिसावाल्यांना तर मुळीच नाही, मिळेल तो चेक घ्या, सही करा, गप्प बसा.

‘ॲट-विल’ म्हणजे कारण न सांगता काढता येतं. बेकायदा कारणासाठी काढता येत नाही. वय हे असंच एक कारण: वयावरून भेदभाव करायला मनाई करणारा १९६७चा फेडरल कायदा चाळिशी गाठलेल्यांना संरक्षण देतो. कंपनीत किमान २० माणसं हवीत, एवढंच. पासपोर्ट कुठला ते तो विचारत नाही. ‘तुमच्या जागी चाळिशीचाच आला ना?’ हा युक्तिवादही १९९६ साली सुप्रीम कोर्टात टिकला नाही. तिथे ५६ वर्षांच्या माणसाच्या जागी ४० वर्षांचा घेतला होता.

आता सही, म्हणजे चेकच्या बदल्यात दावा सोडून देण्याच्या कागदावरची. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. वयाचा दावा सोडून देत असाल तर १९९०च्या दुरुस्तीनुसार विचाराला २१ दिवस मिळालेच पाहिजेत, एकदम अनेकांना काढलं असेल तर ४५. सही केल्यावरही ७ दिवस ती मागे घेता येते. शिवाय अनेकांना काढताना कंपनीला एक यादी द्यावी लागते: कोण गेले, कोण राहिले. नावं नसतात, हुद्दा आणि वय असतं. मलाही काढलं तेव्हा कंपनीने दिलेल्या कागदांत ती शेवटच्या पानावर होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसलो. गेलेले ५२, ५६, ४९, ५८. राहिलेले २९, ३१, ३४. (५२ म्हणजे मी.) ही यादी नसेल किंवा मुदत कमी दिली असेल, तर सही करूनही वयाचा दावा उरतो. घेतलेला चेक आधी परत करा, अशी अटही कोर्टाने १९९८ साली नाकारली.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही असं नाही. वय हेच निर्णायक कारण होतं, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. सुप्रीम कोर्टाच्या २००९च्या निकालाने ते आणखी अवघड केलं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला नोकरी गेल्यावर देशात राहायला जेमतेम ६० दिवस मिळतात, त्यात तो नोकरी शोधेल की वकील?

पण ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल आयोगाकडे, तक्रार नोंदवायला फी नाही. मुदत १८० दिवस, आमच्या न्यू जर्सीसारख्या राज्यांत ३००. हे दिवस शेवटच्या कामाच्या दिवसापासून नाही, काढल्याचं कळवलं त्या दिवसापासून मोजतात. मी कॅलेंडरवर गोल केला होता तो शेवटच्या दिवसाला. नोटीस त्याच्या दोन महिने आधीची होती.