नवसाचं देऊळ आणि माझा डाग पडलेला कागद

व्हेनिसमध्ये केलेलं जलरंगातलं चित्र परवा ग्रुपवर टाकलं. पहिलीच कॉमेंट आली, "ताई, फोटो काढून आणायचा ना, घरी निवांत रंगवलं असतं." तिथे उत्तर लांबलं असतं, म्हणून इथे लिहितेय.

फोटो काढलेच होते. चाळीसेक तरी असतील. पण ऑक्टोबरातल्या सकाळी नऊ वाजता अकादेमिया पुलाच्या लाकडी कठड्याला टेकून उभी राहिले, तेव्हा समोरच्या सालूते चर्चचा दगड पांढरा दिसतच नव्हता. सूर्य त्याच्यामागे होता. मोठा घुमट, धाकटा घुमट, सगळं निळसर राखाडी, आणि पाण्यालगत किंचित पिवळट झाक. मोबाइलने तेवढ्यातच उजेड 'सुधारून' चर्च पांढरंशुभ्र करून टाकलं!

हे चर्च म्हणजे खरं तर नवसाचं देऊळ. १६३० साली प्लेगने शहराची जवळपास एक तृतीयांश माणसं नेली. साथ हटली तर मेरीमातेचं देऊळ बांधू, असा नवस तिथल्या सेनेटने केला. काम मिळालं बाल्दास्सारे लोंगेना या तरुण वास्तुकाराला. खालच्या चिखलात दहा लाखांहून जास्त लाकडी खुंट ठोकले म्हणतात. १६८७ साली इमारत पुरी झाली तेव्हा लोंगेनाला जाऊन पाच वर्षं झाली होती. नवस मात्र अजून फिटतोय. दर २१ नोव्हेंबरला लोक कालव्यावर तात्पुरता पूल टाकून मेणबत्त्या लावायला जातात.

घुमटाखाली दगडाच्या चकलीसारख्या भल्यामोठ्या गुंडाळ्या आहेत. तिकडे त्यांना चक्क 'कान' म्हणतात. त्या कानांनीच माझा घात केला. एक कान काढते तोवर सावली सरकलेली. अकराच्या सुमाराला उजवी बाजू उजळली, मी रंगवलेली सावली खोटी ठरली. त्यात हवा दमट, कागद वाळेना. घाईत आभाळाचा निळा घुमटात घुसला. टिश्यूने टिपला, तरी डाग राहिलाच. "झालं का गं?" हे तिसऱ्यांदा विचारून अहो कॉफी प्यायला निघून गेले.

आता कोणी म्हणेल, फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यानेही १९०८ साली सुरू केलेली व्हेनिसची चित्रं घरी नेऊनच पुरी केली. खरंय. पण तिथे असताना तो ठरावीक वेळेला ठरावीक जागी बसत असे. आधी डोळ्यांत भरून घेतलं, मग घरी गेला. आपण उलटं करतो. आधी फोन, मग फोन, मग जेवण.

फोटोवरून केलेलं दुसरं चित्रही माझ्याकडे आहे. त्यात कान अगदी मोजून काढलेत, डाग एकही नाही. ऊन कुठल्या वेळेचं आहे, ते मात्र माझं मलाच सांगता येत नाही.