गिरणीच्या पायरीवरचा गार चहा

साडेसहा वाजून गेले तरी बंद गिरणीची पायरी तापलेलीच होती. नंदूने नेहमीप्रमाणे पेपरची घडी करून खाली घेतली, शऱ्या उभाच राहिला. एप्रिल अर्धा सरला की आमच्या कट्ट्याचं कामकाज पहिली वीस मिनिटं उभ्यानेच चालतं.

विषय अर्थात तोच. कोपऱ्यावरचं अमृततुल्य गेल्याचं दुःख सगळ्यांनाच आहे, पण त्या जागी आलेल्या कॅफेच्या मेनूचा फोटो ग्रुपवर पडल्यापासून बापूची झोप उडाली आहे. लेमन आइस्ड टी, २४० रुपये.

"दोनशे चाळीस!" बापू आल्या आल्या सुरू झाला. "आमच्या घरी चहा गार झाला तर मोरीत ओततात. हे लोक त्यात बर्फ टाकून विकतात!"

"तुमच्याकडे चहा गार होतो, कारण तू बोलत बसतोस," मेधा म्हणाली.

मेधाने तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय. आज तिच्या पिशवीत ओल्या नॅपकिनात गुंडाळलेली कडीची किटली होती. ती तिने सावलीत ठेवली आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "थर्मास असता तर बर्फ अजून टिकला असता."

सगळ्यांनी बापूकडे बघितलं. २०११ च्या राजगडाच्या ट्रिपला मेधाचा थर्मास बापूच्या सॅकमध्ये होता. परतताना तो पायथ्याच्या गुंजवण्यातच राहिला, असं बापू तेव्हापासून शपथेवर सांगतो.

"मी अमेरिकेत होतो तेव्हा..." बापूने विषय बदलला.

नंदूने पेपरातल्या शब्दकोड्यातून डोकं न काढता एक बोट वर केलं. बापू मुलाकडे तीन महिने राहून आला, त्याला आता सहा वर्षं झाली. त्याची अमेरिका आम्ही रोज मोजतो. उच्चांक अकरा.

"...तेव्हा मला कळलं. १९०४ साली सेंट लुईसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. उकाडा असा, की गरम चहाच्या स्टॉलकडे कुत्रं फिरकेना. मग ब्लेचिंडेन नावाच्या गोऱ्याने त्यात बर्फ टाकला. म्हणजे काय, तर न खपलेला माल! तोच आता आपल्या गळ्यात मारतायत."

"तो ब्लेचिंडेन चहा कोणाचा विकत होता?" मेधाने विचारलं.

"कोणाचा म्हणजे?"

"आपला. हिंदुस्थानातल्या चहामळेवाल्यांनी पाठवलेला माणूस होता तो. अमेरिकेत तेव्हा हिरवा चहा पिणारे पुष्कळ, त्यांना आपल्या काळ्या चहाची चटक लावायला गेला होता. आणि शोधही त्याचा नव्हे. १८७९ सालच्या व्हर्जिनियातल्या एका पाकपुस्तकात गार चहाची कृती आहे, लिंबासकट. संध्याकाळी हवा असेल तर सकाळीच करून ठेवा, असंही लिहिलंय. तुझ्या प्रदर्शनाच्या पंचवीस वर्षं आधी."

बापूने चष्मा काढून पुसला. हरला की तो चष्मा पुसतो.

पण बापू असा एका बॉलवर आउट होणारा नव्हे. "ते जाऊ दे. उन्हाळ्यात गरम चहानेच शरीर थंड होतं, हे आमचे आजोबा सांगायचे."

"बरोबर सांगायचे."

बापू इतका गोंधळला, की क्षणभर त्याला पुढचं वाक्यच सुचेना. मेधा त्याच्या बाजूने बोलल्याची वेळ मलाही आठवत नाही.

"गरम प्यायलं की घाम जास्त येतो आणि तो वाळताना अंगातली उष्णता नेतो. पण तो वाळायला हवा ना! तुझे आजोबा उघड्या अंगाने ओट्यावर बसायचे, कोरड्या हवेत. तू हा टेरिकॉटचा सफारी घालून बसतोस. तुझा घाम तुझ्याजवळच राहतो. मुंबईला गेलास तर कोणाचाच वाळत नाही."

सफारी हा बापूचा हळवा कोपरा आहे. तो मुलाच्या लग्नातला.

इथे शऱ्याने आपली चूक स्वतःहून कबूल केली, नाहीतर त्याची बायको करणारच होती. मागच्या मे महिन्यात त्याने कुठलासा व्हिडिओ बघून पाण्याच्या बरणीत चहाची पत्ती घातली आणि दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवली. "गॅस वाचला, म्हटलं. संध्याकाळी ओतायला गेलो तर तार सुटली! पाकाला सुटते तशी. तरी फ्रिजमध्ये ठेवली, म्हटलं गार झाल्यावर बसेल."

"प्यायलास?"

"दोन दिवस रजा टाकली होती मी, आठवत नाही?"

"आम्हाला मावसभाऊ गेला म्हणून सांगितलं होतंस," नंदू म्हणाला. शऱ्याचा हा मावसभाऊ आत्तापर्यंत तीनदा गेला आहे.

"उन्हात पाणी तापतं ते जंतू मरण्याइतकं नाही, जंतू वाढण्याइतकं," मेधा म्हणाली. "उकळायचं नसेल तर फ्रिजमध्ये ठेव. लिटरभर गार पाण्यात पाच चहाचे चमचे पत्ती, झाकण लावून रात्रभर. सकाळी गाळ. तुरटपणा कमी उतरतो, उकळून केलेल्यापेक्षा सौम्य लागतो. आणि पत्ती म्हणजे पानाचा चहा. आपली दाणेदार पुडी दुधाला पुरून उरावी म्हणून केलेली असते. दूध काढून घेतलं की ती पिणाऱ्यालाच पुरून उरते."

नंदू हे कोड्याच्या कडेने लिहून घेत होता. "आणि घाई असली तर?"

"अर्धा लिटर उकळतं पाणी, पत्ती तेवढीच, चार मिनिटं. पाचवं मिनिट नाही. गाळून साखर गरमातच घाल, गारात ढवळत बसलास तर तळाशी वाळू मिळेल. वर अर्धा लिटर साधं पाणी. मग आधी ओट्यावर निवू दे, लगेच फ्रिजमध्ये ढकलू नकोस."

"का?"

"गढूळ होतो. चहातलं टॅनिन आणि कॅफिन गारव्यात एकमेकांना धरून बसतात. पटकन गार केला तर जास्तच."

"आपण बसतो तसे," शऱ्या म्हणाला.

"फक्त ते कपभर उकळत्या पाण्याने सुटतात. तुम्ही सुटत नाही."

एवढं झाल्यावर किटली उघडली. आत बर्फही चहाचाच होता, ट्रेमध्ये गोठवलेला. वितळला तरी चहा पाणचट होऊ नये म्हणून. वर मेधाच्याच कुंडीतल्या गवती चहाची गाठ मारलेली पात तरंगत होती. तिने काचेचे ग्लास मांडले, ओतलं आणि अर्ध्या लिंबाची फोड पिळली. गडद तपकिरी रंग डोळ्यांदेखत फिका होत होत मधासारखा झाला. शऱ्या "ओहो" म्हणाला. पायरीवर पहिल्यांदाच शांतता पसरली. मी ग्लास आधी गालाला लावला, मग प्यायलो.

"लिंबाचा भाव काय सध्या?" नंदूने विचारलं.

"तो नको विचारूस. एप्रिलमध्ये आइस्ड टीतला चहा फुकट असतो, पैसे लिंबाचेच."

बापूने एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आकाशाकडे बघितलं. "आलं नाही घातलंस."

"नाही."

"वेलची?"

"नाही."

"दूधही नाही."

"लिंबावर दूध घालू? पनीर काढून देईन."

बापूने उरलेला ग्लास एका दमात संपवला, वर दुसऱ्यासाठी पुढे केला. "वाईट नाही. पण हा चहा नव्हे, सरबत आहे. मी अमेरिकेत..." नंदूचं दुसरं बोट वर गेलं. "...बरं, अमेरिका राहू दे. उद्या मी घरून आणतो खरा चहा. आलं ठेचून, दूध आटवून, अमृततुल्यासारखा. वाफाळता! तासभर गार होणार नाही."

"तासभर?" मेधाने ग्लास खाली ठेवला. "कशात आणणार आहेस?"

"कशात म्हणजे? थर्मा..."

शऱ्याला ठसका लागला. त्याच्या ग्लासातला अर्धा चहा नंदूच्या कोड्यावर गेला आणि त्याबरोबर सगळी कृतीही. नंदू ओरडत होता, मेधा पदरात तोंड घालून हसत होती आणि बापू सफारीच्या टोकाने चष्मा पुसत म्हणत होता, "अरे, तो वेगळा! याचं टोपण हिरवं आहे!"

"माझ्याचंही हिरवंच होतं," मेधा म्हणाली.